गाडी पकडायची नाहीये

सकाळी सव्वाआठला मुलुंड स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून पाच मिनिटं उभं राहावं. गाडी फलाटात शिरताना दिसली की जिन्यावरची माणसं एकदम बदलतात. पाठीवरची बॅग पोटावर येते, ओढणीचं टोक कमरेला खोचलं जातं, साडीच्या निऱ्या मुठीत येतात. मग सगळे धावतात. पन्नाशीतले कारकून, कॉलेजातल्या मुली, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या बायका. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. जिन्याखालून आपल्या डब्यापर्यंतची जास्तीत जास्त धाव तेवढीच, मिनिटभराच्या आतबाहेरची. दांडी हाताला लागते, छाती भात्यासारखी हलत असते आणि भांडुप येईपर्यंत श्वास जागेवर येतो.

या अंकासाठी संपादकांनी ‘पहिल्यांदाच’ हा विषय दिला तेव्हा जून लागला होता. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. शाळेतल्या खो-खोनंतर गाडीसाठी सोडून मी कशासाठीही धावले नव्हते. ठरवलं, की तीन महिने धावायला शिकायचं. आणि शिकता शिकता मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत पहाटे जे पहिल्यांदा मैदानात उतरतात, त्यांच्यात जाऊन ते कसं शिकतात हेही बघायचं.

साठ सेकंद

मुलुंड पूर्वेच्या संभाजी मैदानावर पहाटे पावणेसहाला आम्ही अकरा जण जमलो. नऊ बायका, दोन पुरुष. रात्रभर पाऊस पडून गेला होता, कडेच्या मातीत पाय रुतत होते. शिकवणारे सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधीच डॉक्टरांकडे पाठवलं होतं. रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला, गरगरलं, तर जागीच थांबायचं आणि सांगायचं, हा पहिला नियम. तो त्यांनी तीनदा सांगितला.

मग काम. पाच मिनिटं झपझप चालायचं. त्यानंतर साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं. असं आठ वेळा, म्हणजे वीस मिनिटं. संपलं.

साठ सेकंद ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं होतं. शिट्टी वाजली आणि आम्ही अकराच्या अकरा जण सुटलो. चाळिसाव्या सेकंदाला माझ्या घशाला कोरड पडली. तिसऱ्या फेरीत बरगडीखाली चमक भरली. बाजूच्या काकू गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या. सर जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “काकू, कुठली गाडी पकडायची आहे? गाडी पकडायची नाहीये. चालणाऱ्या माणसानं तुम्हाला मागे टाकलं तरी चालेल, इतकं हळू धावा.”

हे वाक्य मी पुढचे तीन महिने घेऊन फिरले. कारण त्यात आमचा सगळा अडसर होता. उपनगरात राहणाऱ्या माणसाला धावणं नवं नाही. पण त्याला एकच धावणं माहीत आहे, पुलावरून फलाटावर जाणारं, जीव खाऊन केलेलं.

त्या धावण्यात शरीर काय करतं हे समजून घेतलं तर पहिल्या दिवसाची दमछाक कळते. स्नायूंत थोडी ऊर्जा अगदी हाताशी ठेवलेली असते. ती जोरात धावताना दहाएक सेकंदांत संपते. त्यापुढे स्नायू पुरेसा प्राणवायू नसतानाच साखर फोडून काम भागवतात. ते झटपट होतं, पण फार वेळ चालत नाही. पाय जड होतात, धाप लागते. तेवढ्यात हृदय आणि फुप्फुसं वेग घेत असतात. प्राणवायूवर चालणारा सावकाश, लांब पल्ल्याचा कारभार नीट सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. लोकलसाठी धावणारा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही, त्याच्या आधी तो डब्यात असतो. म्हणून धावणं म्हणजे धाप, असं आपल्या अंगात बसून गेलेलं असतं. मैदानावर पहिल्यांदा आलेला माणूस तसाच सुटतो, पहिल्याच मिनिटात फुटतो आणि ‘हे आपल्याच्यानं व्हायचं नाही’ म्हणून घरी जातो. मला भेटलेल्या, धावणं सुरू करून सोडून दिलेल्या जवळजवळ प्रत्येकाची हकिगत हीच होती.

हळू म्हणजे किती हळू, यावर सरांकडे साधा उपाय होता. धावता धावता त्यांनी एकीला विचारलं, “रात्री जेवायला काय केलं होतं? कसं केलंत सांगा.” तिनं भरल्या वांग्यांची कृती सांगायला सुरुवात केली. दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, गूळ. ‘वांग्याला चार चिरा द्यायच्या’ इथे वाक्य तुटलं, की वेग कमी करायचा. पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय तोवर वेग बरोबर. घड्याळ नको, नाडी मोजणं नको. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या गटात रोज एक पाककृती सांगितली जाऊ लागली, आणि ज्या दिवशी पुरणपोळी कटासकट एका दमात सांगून झाली त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हळू धावणं शोधावं लागलं

साध्या माणसानं तब्येतीसाठी सावकाश धावावं, ही कल्पना फार जुनी नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. लिडियार्डांची पद्धत अशी की आधी महिनोन्‌महिने भरपूर आणि बेताच्या वेगानं धावायचं, वेगाचं काम शेवटी. हीच पद्धत त्यांनी ऑकलंडमधल्या सुटलेल्या पोटांच्या, मध्यमवयीन माणसांना लावली. १९६२मध्ये तिथे जॉगर्सचा क्लब सुरू झाला. हृदयविकार झालेल्या माणसानं अंथरुणात पडून राहावं, असा सल्ला सर्रास मिळण्याचे ते दिवस होते.

त्याच वर्षी अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. तेव्हा पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन स्वतःला बरे धडधाकट समजत होते. क्लबाबरोबर ते धावायला निघाले आणि मागे पडले. त्यांच्या सोबतीला थांबत थांबत धावत होते ते सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक आजोबा. बॉवरमन घरी परतले ते हे शिकून. गावातल्या लोकांसाठी त्यांनी वर्ग सुरू केले आणि हृदयरोगतज्ज्ञ डब्ल्यू. ई. हॅरिस यांच्याबरोबर १९६७मध्ये ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक काढलं. जॉगिंग हा शब्द आपल्या बागांच्या पाट्यांवर आला तो या वाटेनं. त्या शब्दातच सावकाशपणा आहे, पण आपण तो ऐकत नाही.

धावणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची युक्ती जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला हा माणूस १९७४पासून कधीच न धावलेल्या लोकांना शिकवू लागला. चालणं म्हणजे हार नव्हे, चालणं हा धावण्याचाच भाग, हे त्यांचं म्हणणं. आणि आमच्या सरांच्या वहीत होता तो नऊ आठवड्यांचा आराखडा जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणानं १९९६मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईसाठी आखला होता. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद, दुसऱ्यात नव्वद, चौथ्यात सलग पाच मिनिटांपर्यंत, पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं, आणि नवव्यात सलग अर्धा तास. बंद खोलीतल्या सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत जायचा हा रस्ता जगभर लाखो लोक चालले आहेत. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटला तो मधल्या सुट्टीच्या चार दिवसांचा. आईसाठी केलेल्या गोष्टीत ही काळजी असणारच.

पंतनगरचं मैदान

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात आचार्य अत्रे मैदान आहे. जुलैत एका पहाटे तिथे गेले तेव्हा फिरायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कडेनं वीस-बावीस वर्षांची पोरं धावत होती. काही अनवाणी, काहींच्या पायांत झिजलेले बूट. ही पोलीस भरतीची तयारी. अंधेरीला मरोळच्या पोलीस मैदानाबाहेर भरतीच्या दिवसांत गावाकडून आलेली मुलं पाठीवरच्या सॅका उशाला घेऊन पडलेली मी पाहिली आहेत.

या मुलांना धावणं तब्येतीसाठी नको आहे, नोकरीसाठी हवं आहे. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर, त्याला वीस गुण. शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं की वीसच्या वीस. पुढे दर काही सेकंदांमागे गुण गळत जातात. तिथे खरोखरच गाडी पकडायची असते, आणि ती सुटली तर पुढची कधी लागेल ते कोणी सांगत नाही.

मला वाटलं, इथे तरी सगळे जीव तोडून धावत असतील. पण तासभर बसून पाहिलं तर दिसलं ते वेगळं. नवी मुलं पहिल्या फेरीपासून सुसाट सुटत होती आणि तिसऱ्या फेरीत चालत होती. जी मुलं वर्षभर मैदानावर आहेत ती सावकाश, गप्पा मारत, फेऱ्यांमागून फेऱ्या मारत होती. त्यांचं जोरात धावणं आठवड्यातून एक-दोनदाच, शिट्टी आणि घड्याळ लावून. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांच्या सरावाचा साधारण ऐंशी टक्के भाग सोप्या वेगाचा निघाला. पंतनगरच्या मुलांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांना ते पायांनी सांगितलं होतं.

महाराष्ट्राला धावणाऱ्यांची परंपरा आहे आणि ती बरीचशी अशीच पोटापाण्याच्या वाटेवरून आलेली आहे. १९१९मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. शास्त्रशुद्ध शिकवणी नसताना त्यांच्या वेळा चांगल्या येत होत्या. त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला, आणि बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचे. बारावीनंतर ते सैन्यात गेले, आणि स्पर्धेचं धावणं तिथे सुरू झालं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर याच शर्यतीत २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या.

आणि बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या लताबाई २०१३मध्ये नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून मॅरेथॉनमधल्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या. नऊवारी लुगडं, पाय अनवाणी. त्या जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट नवशिक्यांना हमखास सांगितली जाते. ‘त्या बाई अनवाणी धावल्या, तुम्हाला बूट कशाला हवेत?’ मला हे पटत नाही. लताबाईंचे पाय जन्मभर बांधावरून चाललेले होते. त्यांची हाडं, त्यांचे घोटे वर्षानुवर्षं तयार होत होते. आमचे पाय खुर्चीखाली होते. त्यांच्या गोष्टीतून घ्यायचं असेल तर ते इतकंच, की त्या पहिल्या दिवशी नवशिक्या नव्हत्याच.

नडगी

हे मी अनुभवानं लिहिते आहे. चौथ्या आठवड्यात मला जमू लागलं. सलग पाच मिनिटं धावल्यावरही बोलता येत होतं. सकाळी उठल्यावर अंग हलकं वाटायचं. त्या उत्साहात मी सुट्टीच्या दोन दिवशीही घराजवळच्या मिठागर रोडवर एकटीच धावले, सरांना न सांगता. शुक्रवारी उजव्या नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू झाला. शनिवारी जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं.

दम आधी सुधारतो, पाय मागून येतात, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलंही नसतं. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच बदलायला लागतं. स्नायू त्यांच्या थोडे मागे. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा-कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांचं बळ वाढायला महिने जातात. हाडाची तऱ्हा आणखी वेगळी. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून परत येतो. त्या भाराला उत्तर म्हणून हाड आधी आपला थोडा भाग झिजवून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त घट्ट भरतं. हे चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे ज्या आठवड्यात माणसाला वाटतं की आता आपण काहीही करू शकतो, नेमकं तेव्हाच आतलं हाड अर्धं उघडलेलं असतं, चुना लागायच्या आधीच्या भिंतीसारखं. सुट्टीचे चार दिवस त्या गवंड्याचे असतात.

फिजिओथेरपिस्टबाईंनी दोन आठवडे धावणं बंद केलं. चालायला परवानगी होती. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, पंधराचे तीन फेरे, सकाळ-संध्याकाळ. बसल्या बसल्या पायाची बोटं अंगाकडे ओढायची. पावलं छोटी टाका, असं त्यांनी सांगितलं. पाय शरीराच्या फार पुढे पडला की प्रत्येक वेळी ब्रेक लागतो, आणि तो नडगीवर आणि गुडघ्यावर लागतो. गाडीसाठी धावताना आपण नेमकी लांब ढांग टाकतो.

बुटांबद्दल मला प्रत्येकानं वेगळं सांगितलं. त्यातलं जे खरं ठरलं ते थोडकं आहे. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. दुकानातच घालून दहा पावलं धावावं, कुठे टोचत असेल तर ते पुढे सैल होईल या आशेवर घेऊ नयेत. महागातले नकोत. आणि मुंबईच्या पावसात भिजलेले बूट उन्हाची वाट पाहत ठेवले तर कुजतात. आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे. आमच्या घरी त्या काळात रद्दी विकली गेली नाही.

पावसाळ्यात शिकायला सुरुवात केल्याचा एक फायदा झाला, ऊन नव्हतं. पण दमटपणा होता. घाम अंगाला थंड करतो तो वाळताना. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. तेवढ्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. म्हणून पुण्याच्या किंवा नाशिकच्या बहिणीशी आपली वेळ ताडून पाहू नये. शरीराला या हवेची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर वेग आणखी कमी ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड होते, तर धूळ आणि धूर पहाटे जमिनीलगत साचून राहतात. धूसर दिसत असेल त्या दिवशी हायवेच्या कडेला धावण्यापेक्षा घरी राहिलेलं बरं.

पाण्याची वेळ

बायकांच्या गटात धावण्याची वेळ कशी ठरते हे मला आधी माहीत नव्हतं. एकीकडे सव्वासहाला नळाला पाणी येतं, ते तासभरच. दुसरीच्या मुलाची शाळा सातची. तिसरीकडे सासूबाईंचा चहा सहाला लागतो. पावणेसहा ते साडेसहा हा पट्टा कसाबसा सगळ्यांच्या हाताला लागला आणि त्यासाठी आमच्यातल्या एकीनं रात्रीच कणीक मळून ठेवायला सुरुवात केली. धावायला येताना तिचा मोठा मुलगा पाणी भरायला उठतो, हे तिनं दुसऱ्या महिन्यात सांगितलं. त्या दिवशी तिचा चेहरा वेगळा होता.

रस्ता निवडतानाही हिशेब असतात. उजेड कुठे आहे, दूधवाल्यांची वर्दळ कुठे सुरू झालेली असते, कुत्री कुठे अंगावर येतात. कुत्री आली की धावणं थांबवायचं, चालायचं, पाठ दाखवायची नाही. आणि स्वच्छतागृह. पहाटे मैदानातलं बहुतेक वेळा कुलपात असतं. पुरुषांच्या हिशेबात हा प्रश्न येतच नाही. आमचा लांबचा रस्ता ठरला तो एका पेट्रोल पंपाच्या आणि एका सुलभच्या मधला. ज्यांची पाळी चालू असते त्याही त्यामुळे येऊ शकतात. महापालिकेनं मैदानांची कुलपं तासभर आधी उघडली तर धावणाऱ्या बायका दुपटीनं वाढतील, असं माझं मत आहे.

कपड्यांबद्दल एवढंच सांगते, की बुटांआधी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. हे आमच्या गटात तिसऱ्या आठवड्यात कुजबुजत बोललं गेलं आणि त्यानंतर दोघींचं पाठ दुखणं थांबलं. बाकी सलवार-कमीज चालते. ओढणी घरी ठेवायची.

पहिल्या दिवशी गुडघ्यांवर हात टेकलेल्या काकू एकसष्ट वर्षांच्या आहेत. नवव्या आठवड्याचं वेळापत्रक त्या अठराव्या आठवड्यात पूर्ण करणार आहेत. प्रत्येक आठवडा दोनदा करायचा असं त्यांनी स्वतःच ठरवलं. सरांनी वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान केलं. २००४मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्यातली सहाएक किलोमीटरची ड्रीम रन चालतही पुरी करता येते, त्यात त्यांना जायचं आहे. त्या दिवशी पहाटे धावणाऱ्यांसाठी रेल्वे जादा लोकल सोडते हे कळल्यावर त्यांनी विचारलं ते फक्त इतकंच, की तिला लेडीज डबा असतो ना.

कान्हेरीची वाट

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. त्याचं दार बोरिवलीला, आणि मुलुंड पश्चिमेच्या वस्त्यांमागे जो हिरवा डोंगर दिसतो तोही त्याचाच. आम्ही रोज त्या जंगलाच्या पाठीकडे बघत धावत होतो, म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी समोरून जायचं ठरलं. नडगीमुळे माझे दोन आठवडे मागे पडले होते. सलग अर्धा तास मला अजून धावायचा होता.

दारापाशी नेहमीची मंडळी दिसत होती. सकाळी फिरणाऱ्यांचे पास असलेले आजी-आजोबा, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक गृहस्थ, एकसारखे टी-शर्ट घातलेला मोठा गट. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून रविवारची गर्दी जास्त. आत बिबटे आहेत. उजाडायच्या आत आतल्या रस्त्यावर एकट्यानं जाऊ नये, हे इथे नव्यानं येणाऱ्याला कोणीतरी जुनं माणूस सांगतंच.

कान्हेरीचा रस्ता आधी सपाट आहे, झाडांखालून जातो. दहिसर नदीचं पाणी पावसानं वाढलेलं होतं, त्याचा आवाज सोबतीला होता. बसाल्टच्या कातळात खोदलेली शंभराहून अधिक लेणी इथून सहा-सात किलोमीटरवर, शेवटी चढ. तिथपर्यंत मला जायचं नव्हतं. पंधरा मिनिटं आत, पंधरा मिनिटं बाहेर.

पहिली दहा मिनिटं नेहमीप्रमाणे जड गेली. ती कायम जड जातात, हे मला आता ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याशी भांडले नाही. फिरणारे एक आजोबा माझ्या बरोबरीनं चालत होते, थोडा वेळ पुढेही गेले. मी वेग वाढवला नाही. अकराव्या-बाराव्या मिनिटाला श्वास आपला आपण लागला. दोन पावलांना घ्यायचा, दोन पावलांना सोडायचा, असं मी काही ठरवलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला चितळांचा कळप मान वर करून उभा होता आणि धावता धावता मला त्यांची पिल्लं मोजता आली. तीन. वळून परत येताना सर एका पुलावर उभे होते. त्यांनी घड्याळ दाखवलं नाही, विचारलं, “आज काय केलंत घरी?” मी त्यांना अळूवड्या सांगितल्या. पानाच्या शिरा काढण्यापासून उंडे वाफवण्यापर्यंत. तळायच्या राहिल्या, तेवढ्यात दार आलं. बत्तीस मिनिटं झाली होती.

घरी यायला दादरला गाडी बदलावी लागते. मध्य रेल्वेच्या बाजूला उतरताना गाडी फलाटात शिरत होती. जिन्यावरची माणसं एकदम धावू लागली आणि मीही धावले. पाठीवरची पिशवी पोटावर घेतली, लेडीज डबा पुढे होता, तिथपर्यंत गेले, दांडी धरली, आत शिरले. माझ्यामागून चढलेली मुलगी पंचविशीची असेल. ती दाराशी टेकून डोळे मिटून धापा टाकत होती. मी तिला पाण्याची बाटली दिली. ती प्यायली आणि म्हणाली, “काकी, तुम्ही कुठून चढलात? मला वाटलं तुम्ही आधीपासून आत होतात.” गाडी सुटली. माटुंग्याला मला चौथी सीट मिळाली.